टिलब्रुक घराण्याची वंशावळ, सर्व पुराव्यांसह

८ जून १९८७, सोमवार. सकाळी ६.४०

कडाक्याची थंडी. अंगणातला नळ गोठलाय.

आजपासून काम सुरू. नवी वही, नवं पेन, तीन रंगांच्या पेन्सिली. कुठलीही फाइल उघडली की पहिल्या पानावर मूळ माहिती लिहायची, ही डनवेल कौन्सिलच्या ऑफिसात चौतीस वर्षं पाळलेली शिस्त. म्हणून: मी मर्विन टिलब्रुक, वय एकसष्ट, अविवाहित, निवृत्त हेडक्लार्क. राहणार डनवेल, टास्मानिया. घरात मी आणि थोरली बहीण अ‍ॅव्हिस, वय अठ्ठ्याहत्तर. उद्देश: आमचं घराणं कॅप्टन ऑगस्टस टिलब्रुक यांच्यापासून सरळ आणि बिनडागी उतरलं आहे, हे कागदोपत्री सिद्ध करणे.

कारण: येत्या सव्वीस जानेवारीला ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांच्या वसाहतीला दोनशे वर्षं होतात. गावात मिरवणूक आहे. सगळ्यात पुढे आद्य वसाहतकार मंडळाचे सभासद चालणार, म्हणजे ज्यांचे पूर्वज स्वतःच्या तिकिटाने आले ते. खांद्यावरून निळा रेशमी पट्टा. त्यांच्या मागे बँड. बँडच्या मागे कैद्यांचे वंशज, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना इंग्लंडातून शिक्षा म्हणून इकडे पाठवलं ते. शेजारचा कॉलिन स्पर त्यांत चालणार आहे. त्याच्या पणजोबाने मेंढ्या चोरल्या, आणि ह्याने त्या मेंढ्यांचं चित्र असलेले टी-शर्ट छापून घेतलेत. आमच्या लहानपणी घरात कैदी निघाला तर लोक चर्चच्या वहीतलं पान फाडून आणायचे. आता टी-शर्ट.

अर्जाची मुदत डिसेंबरअखेर. मला सहा आठवडे पुरेत.

नाश्त्याला अ‍ॅव्हिसला सांगितलं. ती लापशी ढवळत होती. म्हणाली, मेलेल्यांना कशाला उठवतोस मर्व्ह, दमून झोपलेत बिचारे. मी म्हटलं, हा इतिहास आहे. ती म्हणाली, इतिहास असू दे, लापशी गार होतेय.

११ जून, गुरुवार

मंडळाचं नियमपुस्तक आलं. नियम पहिला: सुरुवात स्वतःपासून करावी. अर्जदाराचा पूर्ण जन्मदाखला, आईवडिलांच्या नावांसह. मग वडिलांचा, मग आजोबांचा, असं वर वर जायचं.

हा नियम नवशिक्यांसाठी आहे. स्वतःपासून सुरुवात त्यांनी करावी ज्यांना आपण कोण याची शंका आहे. माझ्याकडे छोटा दाखला आहे, नाव, तारीख आणि गाव एवढाच. शाळा, लष्करी भरती, कौन्सिल, सगळं त्याच्यावर झालं. कोणी भुवई उंचावली नाही. मी कॅप्टनसाहेबांपासून खाली येणार.

साखळी सोपी आहे. कॅप्टन ऑगस्टस. त्यांचा मुलगा एडविन. एडविनचा मुलगा होरेस, म्हणजे आमचे वडील. मग अ‍ॅव्हिस, आणि तिच्यानंतर सतरा वर्षांनी मी. आईने मला शेहेचाळिसाव्या वर्षी जन्म दिला. लोकांना नवल वाटतं. मला अभिमान वाटतो.

२४ जून, बुधवार

होबार्टचा सरकारी दफ्तरखाना. तिथे मिस ओल्डेकर म्हणून मुलगी आहे, पंचविशीची. कानात स्क्रू घालते. पण कामाला चोख.

कॅप्टनसाहेबांचं जहाज मिळालं. बाराशे एकरांची सनद मिळाली. सनदेत 'पडीक व निर्मनुष्य भूमी' असं स्वच्छ लिहिलंय. मिस ओल्डेकर म्हणाली, निर्मनुष्य कुठली, माणसं होती तिथे हजारो वर्षं, ती कुठे गेली ते दुसऱ्या खोक्यात आहे, आणू का? मी म्हटलं, मी एकाच खोक्यासाठी अर्ज केलाय.

एक बारीकसं: कागदात ते कॅप्टन नसून लेफ्टनंट आहेत, तेही अर्ध्या पगारावर. घरच्यांनी प्रेमाने बढती दिली असणार. वंशवृक्षात कॅप्टनच ठेवतो.

९ जुलै, गुरुवार. संध्याकाळ

एडविनच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. १८४३. वडिलांच्या रकान्यात रेघ. आईच्या रकान्यात: थिर्झा गॅमन, कैदी, टिलब्रुकसाहेबांकडे नेमलेली मोलकरीण.

मिस ओल्डेकर ओरडलीच. अभिनंदन मिस्टर टिलब्रुक, तुम्हाला कैदी मिळाली! हॉलमधल्या तीन माणसांनी माना वळवल्या. एकाने टाळ्या वाजवल्या.

परतताना वाटेत गाडी थांबवून थर्मासमधला चहा प्यायलो. अर्धा कोटावर सांडला. थंडीने.

१० जुलै, शुक्रवार

विचारान्ती: हा दुसराच कोणी एडविन असणार. त्या काळी एडविन पुष्कळ होते.

२२ जुलै, बुधवार

दुसरा एडविन नाही. मायक्रोफिल्मची तीन रिळं पाहिली. डोळे सुजले.

कैद्यांच्या वर्तनाच्या वहीत थिर्झाबाईंचं अर्धं पान आहे. वय एकोणीस, उंची चार फूट अकरा. गुन्हा: एक चादर, दोन चमचे. शिक्षा सात वर्षं काळं पाणी. १८४३: गरोदर राहिल्याबद्दल टिलब्रुकांकडून बायकांच्या कैदखान्यात परत. बाळ अंगावरून तुटल्यावर सहा महिने धुलाईची सक्तमजुरी. मिस ओल्डेकर म्हणाली, त्या कैदखान्यातली बहुतेक बाळं दगावायची, तुमचे आजोबा जगले हे नशीब. मी म्हटलं, टिलब्रुकांची हाडं पहिल्यापासून मजबूत.

यापुढे खरा निर्लज्जपणा. शिक्षा संपली १८४८ साली. बाई मोकळी झाली. आणि गेली कुठे? कुठेच नाही. त्याच घरात स्वयंपाकीण म्हणून राहिली, १८८१ला मरेपर्यंत. घरातल्या माणसांच्या यादीत एका ओळीत 'एडविन, मुलगा' आणि पाच ओळी खाली 'थिर्झा, स्वयंपाक'. तेहेतीस वर्षं!

२३ जुलै, गुरुवार

जेवताना अ‍ॅव्हिसला सगळं वाचून दाखवलं. मटणाचा स्टू होता, चांगला झाला होता.

म्हटलं, बघ, लाजलज्जा म्हणून काही? सुटल्यावर निघून जायचं ना कुठेतरी. अ‍ॅव्हिस म्हणाली, कुठे जाणार होती ती? मूल तिथे होतं. मी म्हटलं, मूल आता कॅप्टनच्या बायकोचं झालं होतं, हिचा काय संबंध? तर म्हणाली, ताटात वाढायचा तरी संबंध होता की.

मग विचारलं, तो तिला काय म्हणून हाक मारायचा, एडविन? मी म्हटलं, थिर्झा म्हणूनच, दुसरं काय म्हणणार? तिने विचारलं, कळलं असेल का रे त्याला कधी? मी म्हटलं, कळलं असतं तर त्या बाईला एक दिवस घरात ठेवलं नसतं, माणूस स्वाभिमानी होता.

अ‍ॅव्हिस उठून केटल ठेवायला गेली. केटल आधीच उकळत होती. वय झालंय तिचं.

२ ऑगस्ट, रविवार

तोडगा निघाला!

माळ्यावर कॅप्टनच्या बायकोचं बायबल सापडलं. आतल्या कोऱ्या पानावर तिच्याच अक्षरात: 'आमचा मुलगा एडविन, देवाने दिला, मार्च १८४३.' झालं. घरच्या मालकिणीने बायबलात लिहिलेलं खरं, की कैदखान्याच्या कारकुनाने खरडलेलं खरं? मी स्वतः कारकून होतो. कारकून काय वाटेल ते लिहितो.

एक अडचण: त्या वर्षी मालकीणबाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. पण इथली हवा कोरडी. आमच्या घरात बायकांना उशिरा मुलं होतात. माझंच उदाहरण आहे.

थिर्झाबाईंना वंशवृक्षातून वगळलं. लाल पेन्सिलीने नाव खोडताना अ‍ॅव्हिस मागे उभी होती. म्हणाली, तिने तुझं काय वाकडं केलं होतं मर्व्ह? म्हटलं, व्यक्तिशः काही नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार

अ‍ॅव्हिसला धाप लागते. कोळशाची बादली आणताना मध्येच खाली बसली. डॉक्टर आले. हृदय. जिना चढू नये, ओझं उचलू नये. ठरवलं: उद्यापासून बादली मी आणायची.

२० ऑगस्ट, गुरुवार

बादली तिनेच आणली. मी उठेपर्यंत थांबली नाही, त्याला मी काय करणार? उद्यापासून साडेसहाचा गजर.

२३ ऑगस्ट, रविवार

चर्चहून आल्यावर अ‍ॅव्हिस म्हणाली, मर्व्ह, बस जरा, तुला एक सांगायचंय. मी बसलो. मग आठवलं की शाई ओली आहे आणि वंशवृक्ष खिडकीपाशी वाळत ठेवलाय. जाऊन आलो तर ती बटाटे सोलत होती. म्हटलं, बोल. म्हणाली, काही नाही रे, बटाटे संपत आलेत.

५ सप्टेंबर, शनिवार

अ‍ॅव्हिसने हट्ट धरला, मला लॉन्सेस्टनला घेऊन चल. तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. घेऊन गेलो. त्या गावाशी आमचा तसा संबंध आहे. माझा जन्म तिथला, आई चांगल्या डॉक्टरसाठी तिकडे गेली होती म्हणे. आणि त्याच वर्षी अ‍ॅव्हिसला तिथे मावशीकडे हॅट बनवायला शिकायला पाठवलं होतं. सात महिने राहिली. पुढे आयुष्यात एक हॅट केली नाही. आईवडिलांचा पैसा फुकट.

मला वाटलं होतं दुकानं बघायची असतील. तिने मला एका गल्लीत गाडी थांबवायला लावली. समोर टायरचं दुकान. जुनी विटांची इमारत, वरच्या खिडक्यांना गज. अ‍ॅव्हिस कोट घट्ट धरून फुटपाथवर पंधरा मिनिटं उभी. मी गाडीत नियमपुस्तकाचं परिशिष्ट वाचत होतो.

काच खाली करून विचारलं, टायर बघतेस का? म्हणाली, पूर्वी इथे बायका बाळंत व्हायच्या, चर्चच्या बायका चालवायच्या ही जागा. वरची तिसरी खिडकी. मी म्हटलं, तुला काय माहीत? ती म्हणाली, मला माहीत आहे. मग मी म्हटलं, पार्किंगची वेळ संपतेय.

येताना वाटेत शिंपल्यांचं सारण भरलेली पाई खाल्ली. तिने अर्धी माझ्या ताटात टाकली. नेहमीच टाकते.

१४ ऑक्टोबर, बुधवार

मंडळाच्या सेक्रेटरी मिसेस डॅलिमोर यांचं पत्र. बायबलचा पुरावा ग्राह्य! एडविन हा कॅप्टनचा आणि त्यांच्या धर्मपत्नीचा. पुढची साखळीही मान्य. फक्त नियम पहिला राहिलाय. अर्जदाराचा पूर्ण जन्मदाखला आल्याशिवाय पट्टा देता येणार नाही, छोटा दाखला चालत नाही.

क्षुल्लक गोष्ट. फॉर्म भरून टाकला.

कॉलिन कुंपणावरून म्हणाला, काय मर्व्ह, सापडला का तुझा लॉर्ड? मी म्हटलं, सगळं सिद्ध झालं, आता मीच तेवढा बाकी आहे. तो फार हसला. ह्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

फॉर्म अजून हॉलच्या टेबलावर होता. टपालात टाकायला अ‍ॅव्हिसकडे दिला होता. विसरली म्हणते.

मग चक्क विनवण्या. मिरवणुकीत नाही चाललास तर काय बिघडेल? कॉलिनबरोबर चाल मागून, मी तुला मेंढीचा टी-शर्ट आणून देईन. मी म्हटलं, चेष्टा पुरे. तर म्हणाली, बरं, मग मी गेल्यावर मागव. मी म्हटलं, अगं मुदत डिसेंबरअखेर आहे! ती हसायला लागली. धाप लागेपर्यंत हसली. मग डोळे बाहीने पुसले.

फॉर्म स्वतः जाऊन पेटीत टाकला.

१ नोव्हेंबर, रविवार

मन मोकळं व्हावं म्हणून एक लिहून ठेवतो. अ‍ॅव्हिसला रेल्वेतल्या विल्फने दोनदा मागणी घातली होती. दोनदा नाही म्हणाली. मर्व्हचं कोण बघणार म्हणे. मी तिला कधी म्हटलं नव्हतं की माझं बघ. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आईवडील धडधाकट होते. त्यामुळे त्याचं ओझं माझ्यावर येत नाही.

विल्फ नंतर बर्नी गावच्या बाईशी लग्न करून गेला. चांगला माणूस होता. मला सिग्नलचा दिवा दाखवायचा.

२५ नोव्हेंबर, बुधवार

अ‍ॅव्हिसला हॉस्पिटलात हलवलं. फरशीवर पडलेली सापडली, कोळशाच्या बादलीपाशी. गजर झाला होता. मी तो बंद केला होता.

२९ नोव्हेंबर, रविवार

तिच्या नाकात नळी. तोंड एवढंसं झालंय. भाषण वाचून दाखवलं. पट्टा मिळाल्यावर दोन शब्द बोलायचे असतात. 'मातापित्यांचं ऋण' या वाक्यापाशी तिने डोळे मिटले. नर्स म्हणाली, त्यांना थकवू नका.

निघताना तिने विचारलं, टपाल आलं? म्हटलं, नाही अजून. म्हणाली, आलं की रागावू नकोस हं. मी म्हटलं, सरकारी खात्यावर रागावून काय उपयोग, मी आतला माणूस आहे.

घरी टोस्ट आणि डब्यातले बीन्स. चौथा दिवस. इस्त्री कुठे असते हे मला माहीत नाही, असं आज लक्षात आलं.

१४ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११.१५

पाकीट आलं. उघडलं.

नाव: मर्विन. तारीख बरोबर. ठिकाण: लॉन्सेस्टन, गल्लीचं नाव ओळखीचं. वडील: रेघ. आई: अ‍ॅव्हिस मॉड टिलब्रुक, वय सतरा, घरकाम.

११.४०

कारकुनी चूक. एका दृष्टिक्षेपात ओळखली. चौतीस वर्षं अशा चुका निस्तरल्या आहेत. कुटुंबातल्या बायकांची नावं एकाखाली एक दिलेली असतात, हात घसरतो, आईच्या जागी बहिणीचं नाव पडतं. वडिलांचं नाव लिहायचं राहून गेलं. गबाळा माणूस. असल्याला मी पहिल्याच आठवड्यात घरी पाठवला असता.

दुरुस्तीचा अर्ज लिहिला. भाषा कडक, पण सभ्य. मूळ नोंद तपासून पहावी आणि निबंधकांनी खुलासा करावा. तातडीच्या टपालाने पाठवला.

मुदतीला सतरा दिवस आहेत. होईल.

३.००

जेवलो नाही. भूक नव्हती.

१६ डिसेंबर, बुधवार

आज अ‍ॅव्हिसला बरं होतं. उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले. मला पाहून म्हणाली, कॉलर केवढी मळलीय रे.

तिला हसवावं म्हणून दाखला नेला होता. म्हटलं, बघ, सरकारी गाढवपणाचा नमुना. आईच्या जागी कोणाला बसवलंय बघ. आणि मी हसलो. मोठ्याने हसलो, पलीकडच्या खाटेवरची बाई जागी झाली.

अ‍ॅव्हिसने कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. इतकं बघितलं की मला बोलत राहावं लागलं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, दुरुस्तीचा अर्ज टाकलाय, तुझं नाव काढून टाकतील.

ती म्हणाली, हो. होतात चुका.

कागदाची घडी घालून परत दिला. व्यवस्थित, कडेला कड लावून. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मी आणखी वीस मिनिटं बसलो. जाताना हाक मारली, अ‍ॅव्हिस. ओ दिली नाही. झोप लागली असेल.

१८ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे पाच वाजता गेली. नर्सचा फोन सहाला.

विचारलं, काही म्हणाली का? नर्स म्हणाली, माझ्या मर्व्हला कोणी गरम जेवण देतंय का, असं विचारत होत्या रात्री.

रडलो. स्वयंपाकघरात उभ्याने रडलो. लिहून ठेवायला हरकत नाही, ही वही दुसरं कोणी वाचणार नाही.

२१ डिसेंबर, सोमवार

सकाळच्या टपालाने निबंधकांचं उत्तर. मूळ नोंदीत कोणतीही चूक आढळत नाही. सोबत नोंदवहीच्या पानाची छायाप्रत.

माहिती देणाऱ्याची सही तळाला आहे. 'अ‍ॅ. मॉ. टिलब्रुक, आई.' अक्षर तिचं. किराणाच्या याद्यांवर एवढी वर्षं तेच बघतोय. भिंग घेऊन पाहिलं, भिंगाची गरज नव्हती. 'आई' हा शब्द बाकीच्यापेक्षा मोठा काढलाय. सतराव्या वर्षी, ते सगळं सोसून, घरच्यांनी सांगितलं असेल की काही बोलायचं नाही. तरी एका ठिकाणी तिने लिहून ठेवलं होतं. आणि मी ते खोडण्यासाठी तातडीच्या टपालाने अर्ज केला, आणि तसं तिला सांगायलाही गेलो.

मला माहीत होतं का? १४ तारखेला माहीत होतं. टायरच्या दुकानापाशी बहुतेक माहीत होतं. त्याआधीचं आता लिहवत नाही.

११.००

फ्युनरलवाले मिस्टर ग्रूमब्रिज फॉर्म घेऊन आले. कॉलिनही आला होता, बायकोने दिलेली पाई घेऊन. खिम्याची, गरम. स्वयंपाकघराच्या दारात टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, तिच्यासारखी बाई गावात झाली नाही मर्व्ह, तुला आईसारखी होती. मी म्हटलं, हो.

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म. ग्रूमब्रिज विचारत होते, मी सांगत होतो. पूर्ण नाव. अ‍ॅव्हिस मॉड टिलब्रुक. वय. अठ्ठ्याहत्तर. व्यवसाय. घरकाम. लग्न. नाही.

मुलं?

त्यांनी पेन वर धरलं होतं. कॉलिन बघत होता. छायाप्रत माझ्या आतल्या खिशात होती, काढून टेबलावर ठेवायची एवढंच काम. मनात म्हटलं, काढ. एकसष्ट वर्षांचा बाप्या आहेस. काढ.

मला लाज वाटली. तिची नाही. कॉलिन सगळ्या गावाला सांगेल, टिलब्रुकचं बघा, याची वाटली. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी म्हटलं, नाहीत.

ग्रूमब्रिजनी रेघ मारली. तुमचं नातं? भाऊ. त्यांनी तेही लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नाव, सुवाच्य, ऑफिसात करायचो तशी. त्यांनी फॉर्म ब्रीफकेसमध्ये ठेवला आणि हात पुढे केला.

दुपारी पाई खाल्ली. सगळी.

फॉर्म दुरुस्त करता येतो. नोंदणी ऑफिस नाताळासाठी उद्यापासून बंद, चार जानेवारीला उघडतं. तो सोमवार आहे. गाडीने जाऊन दुरुस्त करून घेईन. कुठला अर्ज लागतो ते मला माहीत आहे.